फॉरमॅटर बसवायचा आहे, पण टीममध्ये एकमत नाही

वाचकाचे पत्र

आम्ही सहा जण पतसंस्थांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर बनवतो. कोड पायथनमध्ये आहे, बराच जुना आहे आणि प्रत्येकाने तो आपापल्या वळणाने लिहिला आहे. कोड रिव्ह्यूचा निम्मा वेळ मोकळ्या जागा, अवतरणचिन्हे आणि ओळींची लांबी यांवरच्या शेऱ्यांत जातो. गेल्या महिन्यात आमच्या एका नव्या सहकाऱ्याने ‘ब्लॅक’ हा फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारे साधन) बसवला आणि हातातल्या कामाबरोबरच तो सगळ्या रेपोवर (कोडच्या साठ्यावर) चालवून एकच कमिट (बदलांची एकत्र नोंद) केला. एका कर्जप्रकारासाठी व्याजाची आकारणी ३६० दिवसांच्या वर्षाने करायची होती. त्या कमिटमध्ये ती सगळ्याच कर्जांना लागू झाली आणि रिव्ह्यूमध्ये कोणाच्याही लक्षात आली नाही. चाचणी सर्व्हरवर हे सापडले, म्हणून आम्ही तो कमिट मागे घेतला. आमचे सर्वांत ज्येष्ठ सहकारी आता फॉरमॅटरच्या ठाम विरोधात आहेत. त्यांनी हाताने जुळवलेले व्याजदरांचे तक्ते विस्कटले होते आणि कोणती ओळ कोणी लिहिली हे पाहायला गेले, तर सगळीकडे त्या नव्या सहकाऱ्याचेच नाव दिसत होते. फॉरमॅटर पुन्हा आणावा का? आणायचा तर कसा, आणि मार्चअखेरीपूर्वी आणावा का?

उत्तर

नमस्कार,

फॉरमॅटर जरूर आणा. गेल्या महिन्यात जे बिघडले त्याचे कारण एकच आहे: कोडचे रूप बदलणारे काम आणि कोडचा अर्थ बदलणारे काम एकाच कमिटमध्ये गेले. ही दोन कामे कधीही एकत्र करायची नाहीत, एवढा नियम टीमने मनापासून मान्य केला, तर तुमच्या पत्रातल्या बहुतेक अडचणी त्यातूनच सुटतात. बसवण्याचे काम अर्ध्या दिवसाचे आहे. खरी मेहनत हा नियम पहिल्या दिवशी नेमका कसा पाळायचा, यात आहे.

तुमच्या क्षेत्रात ही सरमिसळ किती महागात पडू शकते ते आकड्यांत पाहू. एक लाख रुपयांच्या कर्जावर दरसाल दहा टक्क्यांनी, ३६५ ने भागून, वर्षाचे व्याज १०,००० रुपये होते. दिवस ३६५च मोजले आणि भागाकार मात्र ३६० ने झाला, तर तेच व्याज १०,१३८ रुपये ८९ पैसे होते. कर्जदार सभासदाच्या खात्यावर १३८ रुपये ८९ पैसे जादा पडतात, आणि ते ज्या ओळीमुळे पडतात ती ओळ तुमच्या डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडमधला फरक दाखवणाऱ्या यादीत) अवतरणचिन्हे बदललेल्या शेकडो निरुपद्रवी ओळींच्या गर्दीत होती. रिव्ह्यू करणाऱ्यांना यासाठी दोष देऊ नका. असा डिफ कोणीही नीट वाचू शकत नाही, आणि तो वाचण्याची वेळ त्यांच्यावर यायलाच नको होती.

मागे घेतलेल्या त्या कमिटमधले खरे काम मात्र वाया घालवू नका, कारण ते वेगळे काढता येते. त्या कमिटच्या अगदी आधीच्या कमिटवरून एक नवी ब्रँच (कोडची स्वतंत्र शाखा) काढा, तिच्यावर त्याच आवृत्तीचा ब्लॅक त्याच सेटिंगांसह चालवा आणि झालेला बदल कमिट करा. मग ही ब्रँच आणि तो मागे घेतलेला कमिट यांच्यातला फरक गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या डिफ कमांडने पाहा. दोन्ही बाजूंचे रूप आता सारखे असल्यामुळे रूपाचे बदल डिफमधून गळून जातात आणि अर्थाचे बदल तेवढे मागे उरतात. शेकडो ओळींच्या जागी मोजक्या ओळी दिसतील आणि त्यांत ३६० हा आकडा सहज नजरेत येईल. ज्येष्ठ सहकारी आणि नवा सहकारी दोघांनाही शेजारी बसवून हे एकदा करून पाहा. दोष नेमका कुठे होता हे दोघांना आपल्या डोळ्यांनी दिसेल, आणि त्यानंतरचे बोलणे पुष्कळ सोपे जाईल.

आता ब्लॅक कोडशी नेमके काय करतो ते पाहू, कारण विरोध बऱ्याचदा या अनिश्चिततेतून येतो. वुकाश लांगा यांनी २०१८ मध्ये तो प्रसिद्ध केला. ब्लॅक फाइल वाचतो, तिची व्याकरणातली रचना समजून घेतो, लिहिणाऱ्याने केलेली मांडणी जवळपास पूर्ण बाजूला ठेवतो आणि आपल्या ठरलेल्या नियमांनी कोड नव्याने मांडतो. खालील उदाहरणे आणि पुढच्या कमांड मी देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर आणि फाइलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत टाकायच्या आहेत.

`व्याज=मुद्दल*दर*दिवस/( ३६५*१०० )`

ही ओळ ब्लॅकमधून बाहेर येताना अशी होते:

`व्याज = मुद्दल * दर * दिवस / (३६५ * १००)`

फाइलवर लिहिण्यापूर्वी ब्लॅक मूळ कोडचा आणि नव्या कोडचा वाक्यरचना-वृक्ष ताडून पाहतो आणि ते जुळले नाहीत, तर त्या फाइलला हात न लावता चूक दाखवून थांबतो. डॉकस्ट्रिंगच्या (फंक्शनच्या सुरुवातीला लिहिलेल्या वर्णनाच्या) कडेच्या मोकळ्या जागा नीट करणे, अशा मोजक्या गोष्टी त्याने मुद्दाम अपवाद मानल्या आहेत. ही तपासणी बंद करणारा `--फास्ट` हा पर्याय आहे, पण पैशांचा हिशेब करणाऱ्या कोडवर तो कधीही वापरू नये.

संदेशांचा मजकूर ब्लॅक बदलत नाही. ‘खात्यात पुरेशी शिल्लक नाही’ असा मराठी संदेश एकेरी अवतरणात असेल तर तो दुहेरी अवतरणात जाईल, पण आतले एकही अक्षर हलणार नाही. तिहेरी अवतरणांत लिहिलेल्या लांबच लांब एसक्यूएल क्वेरी जशाच्या तशा राहतात. नेहमीच्या शैलीत तो लांब स्ट्रिंग आणि लांब टिप्पण्या तोडत नाही, त्यामुळे मर्यादेपलीकडच्या काही ओळी नंतरही दिसतील. त्यात काही बिघडलेले नाही.

त्याच वेळी, ब्लॅककडून नको ती अपेक्षाही ठेवू नका. वरच्या ओळीत ३६५ च्या जागी ३६० असते, तर ब्लॅकने तीही तितक्याच नीटनेटकेपणाने मांडली असती. चुकीचे सूत्र, न वापरलेले व्हेरिएबल किंवा विसरलेली तपासणी हे त्याचे विषय नाहीत. त्यासाठी लिंटर (कोडमधल्या संभाव्य चुका दाखवणारे साधन) आहे, टेस्ट आहेत आणि माणसाने केलेला रिव्ह्यू आहे. फॉरमॅटरचा खरा लाभ असा, की रिव्ह्यू करणाऱ्याचे लक्ष मोकळ्या जागांवरून उठते आणि भाजकाकडे जाते. तुमच्या टीममध्ये निम्मा वेळ शेऱ्यांत जातो असे तुम्ही लिहिले आहे. तो वेळ तुम्हाला याच जागी लागणार आहे.

ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि दोन्हींना उत्तर आहे. ती उत्तरे त्यांना आधी द्या आणि फॉरमॅटर त्यानंतर बसवा.

पहिली तक्रार तक्त्यांची आहे. त्यांनी व्याजदर साधारण असे लिहिले असतील:

`दर_तक्ता = {`
`    "बचत"    : ३.५०,`
`    "आवर्ती"   : ६.७५,`
`    "मुदत"     : ७.२५,`
`}`

कोलनआधीच्या मोकळ्या जागा ब्लॅक काढून टाकतो आणि आकड्यांचा रकाना मोडतो. असा रकाना हौसेने जुळवलेला नसतो. संचालक मंडळाच्या ठरावातले दर समोर ठेवून वरून खाली बोट फिरवत तपासायचे, तर त्याचा खरोखर उपयोग होतो. म्हणून अशा तक्त्याच्या आधीच्या ओळीवर `# एफएमटी: ऑफ` आणि नंतरच्या ओळीवर `# एफएमटी: ऑन` अशी टिप्पणी टाका, मधला भाग ब्लॅक जसाच्या तसा सोडतो. या दोन्ही टिप्पण्या पूर्ण विधानाच्या बाहेर, एकाच इंडेंटवर असाव्यात. कंसाच्या आत मध्येच टाकल्या, तर त्यांचा भरवसा धरता येत नाही. कोणते तक्ते असे राखून ठेवायचे याची यादी ज्येष्ठ सहकाऱ्यांनाच करू द्या आणि ती वादाविना मान्य करा. ही सवलत तक्त्यांपुरतीच ठेवा, कारण ती फंक्शनांना मिळू लागली, की जुने वाद परत सुरू होतात.

शेवटच्या स्वल्पविरामाची एक खुबी त्यांना आवर्जून दाखवा. डिक्शनरीतल्या किंवा यादीतल्या शेवटच्या नोंदीनंतर स्वल्पविराम असेल, तर ब्लॅक प्रत्येक नोंद स्वतंत्र ओळीवर ठेवतो, मग सगळ्या नोंदी एका ओळीत मावत असल्या तरी. तो स्वल्पविराम नसेल आणि मजकूर मावत असेल, तर सगळे एका ओळीत येते. म्हणजे मांडणीचा थोडा अधिकार लिहिणाऱ्याच्या हातात राहतो, आणि एक नवा दर वाढवला की डिफमध्येही नेमकी एकच ओळ दिसते.

दुसरी तक्रार नावांची. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये अमुक ओळ कोणी, कधी आणि कोणत्या कारणाने बदलली हे सांगता येणे फार महत्त्वाचे असते, त्यामुळे या बाबतीत ते आग्रही आहेत हे योग्यच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या गिटच्या २.२३ या आवृत्तीपासून, ब्लेम (कोणती ओळ कोणी लिहिली ते दाखवणारी कमांड) पाहताना ठरावीक कमिट वगळण्याची सोय आहे. रेपोच्या मुळाशी `.गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्स` नावाची फाइल करा, फॉरमॅटिंगच्या कमिटचा पूर्ण चाळीस अक्षरांचा हॅश (त्या कमिटची ओळखखूण) तिच्यात लिहा, आणि प्रत्येकाने आपल्या मशिनवर `गिट कॉन्फिग ब्लेम.इग्नोररेव्ह्सफाइल` या सेटिंगला त्या फाइलचे नाव द्यावे. मग ओळीसमोर पुन्हा मूळ लिहिणाऱ्याचे नाव दिसू लागते. ही सोय चालते ती त्या कमिटमध्ये फॉरमॅटिंगखेरीज काहीही नसेल तरच. मिश्र कमिट वगळला, तर त्यातला खरा बदलही नजरेआड होतो. हॅश मुख्य ब्रँचवर मर्ज झाल्यानंतरच फाइलमध्ये लिहा, कारण स्क्वॉश (अनेक कमिट एकत्र करणे) किंवा रिबेस (कमिट नव्या पायावर मांडणे) केले की हॅश बदलतो.

त्यांनी ओळीच्या लांबीचा मुद्दा काढला, तर तोही ऐकून घ्या. २००१ मध्ये लिहिलेल्या पेप ८ या पायथनच्या शैलीनियमांत ओळीची मर्यादा ७९ अक्षरांची आहे आणि ब्लॅक मूळ सेटिंगमध्ये ८८ धरतो. माझे मत ८८ तसेच ठेवावे असे आहे, पण टीमचा कल ७९ कडे असेल, तर एका बैठकीत ठरवा, फाइलमध्ये लिहा आणि विषय बंद करा. ब्लॅकमध्ये सेटिंगे मुद्दामच थोडी ठेवली आहेत. गो या भाषेबरोबर तिचा जीओफएमटी हा फॉरमॅटर आला आणि त्या भाषेत मांडणीचे वाद मुळात रुजलेच नाहीत. जावास्क्रिप्टमध्ये २०१७ पासून प्रेटियरने हेच काम केले. या साधनांनी मांडलेला कोड प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून आवडतोच असे नाही, पण तो सगळ्यांचा सारखा असतो, आणि सहा जणांच्या टीमला त्याचीच गरज आहे.

आता प्रत्यक्ष बसवणे. ब्लॅक उत्पादनाच्या सर्व्हरवर लागत नाही, म्हणून त्याची नोंद डेव्हलपमेंटपुरत्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये करा आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये `पायथन -एम पिप इन्स्टॉल ब्लॅक==२५.१.०` अशी नेमक्या आवृत्तीसह कमांड द्या. आवृत्ती तुम्ही कोणतीही निवडा, पण ती सहाही मशिनवर एकच असली पाहिजे. ब्लॅकची मांडणीची शैली वर्षातून एकदा, जानेवारीतल्या आवृत्तीत बदलू शकते. एकाकडे जुनी आणि दुसऱ्याकडे नवी आवृत्ती असेल, तर एकाने मांडलेले दुसऱ्याचे मशिन पुन्हा उलटे करत राहील. `पायप्रोजेक्ट.टॉमल` या फाइलमध्ये `टूल.ब्लॅक` या भागाखाली ओळीची लांबी आणि `रिक्वायर्ड-व्हर्जन` लिहून ठेवले, की वेगळ्या आवृत्तीचा ब्लॅक त्या रेपोवर चालायलाच नकार देतो. आपोआप तयार झालेल्या फाइली तिथेच `एक्स्टेंड-एक्स्क्लूड` मध्ये टाकून वगळा. कोड इतका जुना आहे म्हणता, तर कुठेतरी पायथन २ मधली एखादी स्क्रिप्ट पडून असण्याची शक्यता आहे. २२.१.० पासून ब्लॅक पायथन २ चा कोड वाचत नाही. अशा फाइलवर तो चूक दाखवेल आणि ती तशीच सोडेल.

आधीपासून लिंटिंगसाठी रफ हे साधन वापरत असाल, तर त्याचाच फॉरमॅटर घ्या. तो बराच वेगवान आहे आणि त्याची शैली ब्लॅकच्या अगदी जवळची आहे. मात्र एका रेपोवर दोन्ही फॉरमॅटर चालवू नका.

मोठ्या कमिटपूर्वी `ब्लॅक --डिफ .` चालवून होऊ घातलेले बदल नुसते पाहा. ही कमांड फाइलींवर काही लिहीत नाही. ठरल्या दिवशी सगळ्या टेस्ट चालवा आणि चाचणीच्या डेटावर व्याजआकारणी करून तिचा अहवाल जपून ठेवा. मग ब्लॅक चालवा, दुसरा कोणताही बदल न करता कमिट करा, टेस्ट पुन्हा चालवा आणि दुसरा अहवाल काढून पहिल्याशी पैशापर्यंत जुळवा. ब्लॅकची स्वतःची तपासणी चांगली असली, तरी तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे दोन जुळलेले अहवालच अधिक विश्वासाचे वाटतील.

अर्धवट राहिलेल्या ब्रँच हा या दिवसाचा सर्वांत त्रासदायक भाग असतो. शक्य असेल तर त्याआधी होतील तितक्या ब्रँच मर्ज करून मोकळे व्हा. ज्या उरतील त्यांच्यासाठी क्रम असा: फॉरमॅटिंगच्या अगदी आधीचा मुख्य ब्रँचवरचा कमिट आधी आपल्या ब्रँचमध्ये मर्ज करा आणि येतील ते खरे कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी झालेले परस्परविरोधी बदल) सोडवा. मग आपल्या ब्रँचवर ब्लॅक चालवून वेगळा कमिट करा. त्यानंतर फॉरमॅटिंगचा कमिट `गिट मर्ज -एस अवर्स` या पद्धतीने घ्या. गिट तो मर्ज झाल्याची नोंद करते आणि कोड तुमचाच ठेवते. तुमच्या ब्रँचवर तेच फॉरमॅटिंग आधीच झालेले असल्यामुळे यात काही गमावले जात नाही. पुढची मर्ज नेहमीसारखी करा. ‘अवर्स’ची ही पद्धत त्या एकाच कमिटपुरती आणि याच क्रमाने वापरायची आहे. दुसरीकडे वापरली, तर सहकाऱ्यांचे काम निमूटपणे पुसले जाईल, म्हणून पहिल्या ब्रँचला दोघांनी मिळून बसा.

यानंतरच एडिटरमध्ये सेव्ह करताना फॉरमॅट होण्याची सोय चालू करा. ती आधी चालू केली, तर जो कोणी जुनी फाइल उघडून एक ओळ बदलेल त्याच्याकडून सबंध फाइल बदलली जाईल, आणि मागच्या महिन्याचाच प्रकार लहान प्रमाणावर रोज घडेल. त्याच सुमारास प्री-कमिट (प्रत्येक कमिटपूर्वी ब्लॅक आपोआप चालवणारे साधन) बसवा. त्याची सेटिंग फाइल रेपोमध्ये असते, पण गिटचे हुक (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट) क्लोनबरोबर, म्हणजे रेपोची प्रत घेताना, येत नाहीत, त्यामुळे `प्री-कमिट इन्स्टॉल` ही कमांड प्रत्येकाने आपापल्या मशिनवर एकदा द्यावीच लागते. सुरुवातीला एक गोष्ट सगळ्यांना गोंधळात टाकते: ब्लॅकने काही बदलले की कमिट अडतो आणि स्क्रीनवर ‘फेल्ड’ असा शब्द दिसतो. काही मोडलेले नसते. बदललेली फाइल `गिट ॲड` करून पुन्हा कमिट केले, की काम होते. शेवटची राखण म्हणून सीआयमध्ये (प्रत्येक बदलाची आपोआप तपासणी करणाऱ्या यंत्रणेत) `ब्लॅक --चेक .` ठेवा. मांडणी बिघडलेली फाइल आढळली, तर ही कमांड १ हा कोड परत करते आणि बिल्ड थांबते. तिथपासून मांडणीविषयीचा शेरा रिव्ह्यूमध्ये कोणीही लिहायचा नाही, हेही त्याच दिवशी ठरवून टाका.

राहता राहिला मार्चअखेरीचा प्रश्न. त्याआधी करू नका. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात संस्थांकडून तातडीच्या दुरुस्त्या येतात, त्या आधीच्या आवृत्तीवर तपासून त्याच दिवशी द्याव्या लागतात, आणि अशा वेळी प्रत्येक फाइलचा डिफ बदललेला असणे कोणालाच परवडणारे नाही. आत्ता एवढेच करा: मागे घेतलेल्या कमिटमधले काम वर सांगितल्याप्रमाणे वेगळे काढा, ३६० दिवसांचा हिशेब फक्त ज्या कर्जप्रकाराला हवा आहे त्याला लागतो ना याची टेस्ट लिहा, आणि तेवढा छोटा बदल स्वतंत्र कमिटने पुढे न्या. ३१ मार्चची व्याजआकारणी सगळ्या संस्थांत पार पडून तिच्यातल्या दुरुस्त्या थांबल्या, की एप्रिलमधला एखादा शांत दिवस फॉरमॅटिंगसाठी धरा. तो दिवस ज्येष्ठ सहकाऱ्यांना निवडू द्या, आणि फॉरमॅटिंगचा तो कमिट, त्यांची हरकत नसेल तर, त्यांच्याच हातून होऊ द्या.